दोन गोळ्यांचा पंचनामा

माझं अक्षर चांगलं आहे हे मला लहानपणापासून इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की मी जे लिहितो तेही बरोबरच असणार अशी माझी समजूत होऊन बसली होती. ही समजूत मोडली पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, मुलुंडला, एका दिवाळीच्या सुटीत. ती मोडल्याची झळ फक्त मला बसली असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो आणि तिथल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. शुद्ध मराठीचं वेड अंगात भिनलं होतं. मुलांच्या निबंधात परका शब्द दिसला की मी त्याच्याभोवती तांबड्या शाईचं वर्तुळ काढायचो. घरी टेबलाला मेज म्हणायचो आणि बायकोलाही म्हणायला लावायचो. मेज हा शब्द फारशी आहे, असं मुख्याध्यापकांनी मला एकदा मधल्या सुटीत सगळ्यांदेखत सांगितलं. मी ते घरी येऊन सांगितलं ही माझी चूक. त्या दिवसापासून बायको जेवायच्या वेळी विचारू लागली, "अहो, ताट फारशीवर मांडू की फरशीवर?" मी चिडायचो. वेड मात्र तसूभरही कमी झालं नाही.

मुलुंड नुकतंच मुंबईत आलं होतं, म्हणजे कागदावर आलं होतं. स्टेशनपासून डोंगराच्या बाजूला पंधरा-वीस मिनिटं चाललं की घरं संपायची आणि भातखाचरं, भाजीचे मळे, आंब्या-चिकूच्या बागा लागायच्या. डोंगरातून रानडुकरं उतरून मळे उकरून टाकायची. अशाच एका बागेवर मालवणकडचा एक माणूस राखणीला होता. पूर्वी तो गिरणीत होता. छातीचा त्रास सुरू झाल्यावर गिरणी सोडून बायकोला घेऊन इथे आला. बागमालकाची परवान्याची एकनळी बंदूक त्याच्याकडे असायची.

मी संध्याकाळी फिरायला तिकडे जायचो, तेव्हा तो कुंपणापाशी येऊन हात जोडायचा. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. गावाहून आलेलं पत्र तो माझ्याकडून वाचून घ्यायचा आणि उत्तरही मीच लिहून द्यायचो. लिहून झाल्यावर मी म्हणायचो, "वाचून दाखवू का?" तर तो मान हलवायचा. "तुमी लिवलात ना, मगे झाला." मला ते ऐकायला फार बरं वाटायचं.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी मी वाण्याच्या दुकानात उभा होतो, तोच एक हवालदार सायकलवरून आला आणि म्हणाला, "मास्तर, जरा पंच म्हणून चला. बागेवर बार उडालाय, माणूस जखमी हाय." पंच दोन लागतात, म्हणून त्यानं वाण्यालाही उठवलं. वाणी कच्छी होता. तो वाटेत तीनदा म्हणाला, "मास्तर, आपला नाव कोर्टात नाय ना जाणार?" मी त्याला नागरिकाच्या कर्तव्यावर थोडं ऐकवलं.

झालं होतं ते असं. राखणदार डुकराच्या मागावर घोडा चढवलेली बंदूक घेऊन कुंपण ओलांडत होता. पाय घसरला आणि बार उडाला. समोर बांधापलीकडे एक माणूस गवत कापत होता. गोळी त्याच्या पोटरीचं मांस फाडून बांधात घुसली. राखणदारानं सवयीनं बंदूक मधोमध मोडून, म्हणजे नळी खाली वाकवून, रिकामं काडतूस काढून टाकलं, बंदूक खाली ठेवली आणि त्याच्याकडे धावला. हे राखणदाराचं सांगणं. गवत कापणाऱ्याचं सांगणं वेगळं होतं. आदल्याच दिवशी गवतावरून दोघांची बाचाबाची झाली होती आणि त्यानं दोन बार ऐकले होते. त्याला दवाखान्यात नेलं होतं. राखणदार आंब्याखाली एका शिपायाजवळ उकिडवा बसला होता. मला बघून त्यानं हात जोडले आणि त्याचा चेहरा जरा सैल पडला.

हवालदार साताऱ्याकडचा, वयस्क, शांत माणूस. त्यानं कुंपणाजवळून एक वस्तू उचलली. बुडाला पितळ आणि वर तांबड्या कागदाची नळी असलेली, अंगठ्याएवढी जाड, रिकामी. मग बांधाची माती उकरून शिशाचा एक चेपलेला गोळा काढला. ती कागदी नळी नाकाला लावून तो म्हणाला, "दारूचा वास ताजा हाय." यावर वाणी दोन पावलं मागे सरकला. दारूबंदीचे दिवस होते. "मास्तर, दारूबिरू मत लिखो हां. मी दुकानदार माणूस," तो माझ्या कानाशी म्हणाला. ही ती दारू नव्हे, बंदुकीची दारू, हे त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली. त्याला ते पटलं असं मला वाटत नाही.

मी कुंपणाच्या पलीकडे गवतात एक राखाडी रंगाची, लोकरीसारखी जाड गोल चकती पाहिली. कुठल्या जुन्या चपलेचा तुकडा असेल म्हणून मी ती बोटानं उडवून दिली. तिच्याबद्दल पुढे सांगायचं आहे.

हवालदारानं कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "मास्तर, तुमचं अक्षर मोत्यावानी. मी सांगतो, तुमी लिवा." मी खुश. दगडावर बसलो, मांडीवर पाटी घेतली आणि लिहू लागलो. जागा, वेळ, दिशा सगळं ठीक झालं. मग तो म्हणाला, "लिवा. कुंपणापाशी एक चाललेलं काडतूस आन् बांधात एक गोळी."

माझी लेखणी थांबली. काडतूस! हा शब्द फिरंग्यांबरोबर आला हे मला पक्कं ठाऊक होतं. पंचनामा, हवालदार, बंदूक हे शब्दही परकेच होते, पण ते काढले असते तर कागदावर फक्त विरामचिन्हं उरली असती. म्हणून निदान एक तरी शब्द सुधारावा असं मला वाटलं. मी म्हणालो, "काडतूस कशाला? गोळी हा आपला शब्द आहे. बंदुकीत घालतात ती गोळी."

"मास्तर, काडतूस येगळं आन् गोळी येगळी."

"अहो, दोन्ही एकच. एक कुंपणापाशी मिळाली, एक बांधात मिळाली."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात रस्त्यावर येऊन थांबलेले फौजदारसाहेब ओरडले की आटपा. मी वळणदार अक्षरात लिहिलं: 'वापरलेल्या गोळ्या, एकूण दोन.' दोन्ही वस्तू एका पुडीत बांधल्या, वर लाखेचं सील झालं, आम्ही सह्या केल्या. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, की आज पोलिसांचं मराठी सुधारून आलो.

तेव्हा मला खरंच वाटत होतं, की बंदुकीत एक गोळी घालतात आणि ती उडते. ती पितळी बुडाची नळी म्हणजे गोळीच, तिचा रंग तेवढा वेगळा. शिशाचा गोळा म्हणजे दुसरी गोळी, चेपून काळी झालेली. ह्या दोन वस्तूंचं एकमेकींशी काही नातं असेल अशी शंकाही मला आली नाही. पाचवीतल्या मुलानं अशी चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

महिना गेला. शाळा सुरू झाली. एका रविवारी सकाळी राखणदाराची बायको आमच्या दारात येऊन उभी राहिली. तो अजून कोठडीतच होता. तिला जे समजलं होतं ते ती तुटक तुटक सांगत होती. जाणूनबुजून गोळ्या घालून जखमी केल्याचा खटला. एकनळी बंदुकीतून दोन गोळ्या सुटल्या, म्हणजे पहिला बार झाल्यावर त्यानं बंदूक मोडून पुन्हा भरली आणि पुन्हा उडवली. पाय एकदा घसरेल, दोनदा कसा घसरेल? म्हणून जामीन नाही.

"मास्तरांनू, मी पाणी भरी होतंय. माज्या कानान आयकलंय. एकच बार झालो," ती म्हणाली. "मगे तुमी दोन कित्याक लिवलात?"

मी म्हणालो, "मी बार लिहिले नाहीत. मी गोळ्या लिहिल्या. दोन सापडल्या, दोन लिहिल्या."

"एका बारान दोन गोळये कशे येतले?"

 ती काही मला जाब विचारत नव्हती, खरंच समजून घेत होती. बायकोनं तिला चहा दिला. जाताना ती म्हणाली, "तेका इचारलंय, तर तो कायच बोलणा नाय. गप ऱ्हवता. शिमग्याक तरी सुटात ना हो?" मी म्हणालो, सुटेल. कशाच्या आधारावर म्हणालो ते मला माहीत नव्हतं.

दुपारी बायकोनं विचारलं, "अहो, त्या दोन गोळ्या सारख्या होत्या का?" मी म्हणालो, "एक पोकळ होती, एक भरीव."  ती म्हणाली, "पेरूची साल आणि पेरू असे दोन पेरू मोजलेत की काय तुम्ही?" मी तिच्यावर ओरडलो आणि चपला घालून तडक पोलीस चौकीवर गेलो.

हवालदार चौकीबाहेर बाकावर सुपारी कातरत बसला होता. त्यानं मला बसवलं आणि माझ्या पेन्सिलीनं जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढलं. "हे बगा. ही कागदाची नळी, हे पितळी बूड. बुडाच्या मधोमध टोपी. घोड्याचा खिळा टोपीवर बसला की टोपीतला मसाला पेटतो. त्याच्यावर दारू. दारूवर लोकरीचा डाट, बुचावानी. डाटावर छर्रे नायतर शिशाची एक गोळी. ह्ये समदं मिळून काडतूस. बार झाला की गोळी जाती, डाट दहा-वीस पावलांवर पडतो, दारू जळती. बाकी ऱ्हाती ती रिकामी पुंगळी. पाखरांना बारीक छर्रे, सशाला थोडे मोठे, डुकराला एकच गोळी."

"आणि पोलिसांच्या रायफलीत?"

"तितं नळी समदी पितळी, गोळी लांबुळकी, तोंडाशीच घट्ट बसवल्याली. तिला डाट नस्तो, छर्रे नस्त्यात."

 टोपी, दारू, डाट, गोळी, छर्रे, पुंगळी, काडतूस. यातले सगळे शब्द मला येत होते. टोपी मी डोक्यावर घालत होतो, गोळी तापात घेत होतो, दारू हा शब्द निबंधात व्यसनाखाली यायचा. पण ते एका अंगठ्याएवढ्या नळीत एकमेकांवर रचलेले असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला आणखी एक धक्का बसला. लोकरीचा डाट! मी जुनी चप्पल समजून बोटानं उडवला तोच तो.

मी म्हणालो, "मग मी जे लिहिलं त्याचा अर्थ काय होतो?"

हवालदारानं अडकित्ता खाली ठेवला. "त्याचा अर्थ दोन बार."

मी त्याला म्हणालो की कागद द्या, आत्ता दुरुस्त करतो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. सही झालेल्या पंचनाम्यात एक काना मात्रा बदलता येत नाही. जे सांगायचं ते कोर्टात साक्षीच्या वेळी. मी बागमालकानं राखणदाराला दिलेल्या वकिलाकडेही जाऊन आलो. तोही तेच म्हणाला. वर म्हणाला, "पुडी उघडली की कळेलच. पण सरकारी वकील म्हणतील, कागदावर दोन गोळ्या, पुडीत एकच. मग दुसरी कुणी लांबवली? हवालदारानं की आणखी कुणी? तुमच्या तोंडून नीट यायला पाहिजे, मास्तर."

तारखा पडत गेल्या. पुडी तपासणीला सरकारी प्रयोगशाळेत गेली होती, तिचा अहवाल येईना. मधल्या काळात माझ्या डोक्यात भलताच गुंता झाला. कधी वाटायचं, मी दोन लिहिलं ते चूक. कधी वाटायचं, गवत कापणाऱ्यानं दोन बार ऐकले ते कसे? मी बागेवर जाऊन डोंगराकडे तोंड करून टाळी वाजवली, तर डोंगरानं ती परत वाजवली. म्हणजे पडसाद. घरी येईपर्यंत पुन्हा वाटलं, की टाळीचा पडसाद आणि बाराचा पडसाद सारखा कशावरून? खरं काय झालं हे ठरवायला मी कोण, असंही वाटायचं. आणि खरं सांगायचं तर याहून मोठी भीती वेगळीच होती. भर कोर्टात मी, मराठीचा मास्तर, म्हणणार होतो की मला गोळी ह्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. म्हणून मी घरी एक वाक्य तयार करून पाठ केलं: 'गोळी हा शब्द मी व्यापक अर्थाने योजला होता.' ते वाक्य मला फार आवडलं होतं.

शिमगा उलटून गेल्यावर साक्षीची तारीख आली. राखणदार आरोपीच्या जागी उभा होता. दाढी वाढलेली, खोकत होता. त्यानं मला बघून हात जोडले नाहीत. 

पिंजऱ्यात मी शपथ घेतली, सही ओळखली. पुडी उघडली. टेबलावर एक कागदी नळी आणि एक चेपलेलं शिसं. सरकारी वकिलांनी पंचनामा वर धरला. "यात वापरलेल्या दोन गोळ्या लिहिल्या आहेत. मला इथे एकच दिसते. दुसरी कुठे आहे?"

मागे हवालदार उभा होता. तो कपाळ पुसत होता. नोकरीची शेवटची वर्षं, आणि माझ्या एका शब्दामुळे त्याच्यावर गोळी चोरल्याचा वहीम. मी पाठ केलेलं वाक्य काढलं. 'गोळी हा शब्द' इथपर्यंत आलो आणि पुढचं तोंडातून येईना. व्यापक अर्थाने. कुणाच्या अर्थाने? समोरचा माणूस पाच महिने आत होता.

मी म्हणालो, "दुसरी गोळी नव्हतीच. हवालदार काडतूस सांगत होते. मी हट्टानं गोळी लिहिलं. ही नळी आणि हे शिसं एकाच काडतुसाचे दोन भाग आहेत, हे मला माहीत नव्हतं."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काडतूस का लिहिलं नाही?"

"तो शब्द परका आहे म्हणून."

कोर्टात हशा पिकला. वकील हसले, शिपाई हसले, मागच्या बाकावर बसलेला वाणीही हसला. साहेबांनी विचारलं, "आपण शिकवता काय?"

"मराठी."

यावर साहेबही हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.  राखणदार मात्र हसला नव्हता. हे सगळे कशाला हसताहेत ते त्याला समजलं नसावं.

माझ्यानंतर प्रयोगशाळेतले तज्ज्ञ आले. मी बाकावर बसून ऐकलं. ते शांतपणे म्हणाले, की पुंगळीच्या टोपीवर खिळ्याची एकच खूण आहे आणि ती याच बंदुकीची आहे, चाचणीला उडवलेल्या काडतुसांवर तशीच उमटली. शिसं त्याच मापाच्या गोळीचं आहे. अशा बंदुकीच्या नळीला आतून आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, नसतात, त्यामुळे शिशावर बंदुकीची ओळख उमटत नाही, पण एका काडतुसात अशी गोळी एकच असते. टेबलावर आहे ते एका काडतुसाला पुरेल एवढंच आहे. मग त्यांनी विचारलं, "डाट का पाठवला नाही? तो जवळच पडला असणार."  तो मीच बोटानं उडवून दिला होता, हे मी सांगितलं नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी शिल्लक नव्हतं.

राखणदाराला सोडून दिलं. निष्काळजीपणाबद्दल जे काही होतं ते आत काढलेल्या दिवसांत भागलं, असं वकील म्हणाला. कोर्टाबाहेर पिंपळाखाली त्याची बायको गठुळं घेऊन बसली होती. ती रडत होती आणि त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. मी जवळ गेलो.  मी म्हणालो, "मला माफ करा. एकच बार झाला होता. मी चुकीचं लिहिलं."

तो माझ्याकडे वळला.

"खरा एकच झालो?" त्यानं विचारलं.

मला वाटलं तो टोमणा मारतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तो खरंच मला विचारत होता.

"बंदूक तुमच्या हातात होती," मी म्हणालो. "तुम्हालाच माहीत."

"माका एकच आठवत होतो," तो म्हणाला. "पण थंय कोठडीत सगळे म्हणाक लागले, मास्तरांनी दोन लिवल्यानी. मगे माका वाटाक लागला, मास्तर खोटा कित्याक लिवतले? झाले असतीत दोन. माकाच आठवणा नसात. मी पोलिसांका तसाच म्हणालंय मगे, दोन झाले असतीत म्हणान."

त्याची बायको बटण लावायची थांबली. तिलाही हे आजच कळत होतं.

"एकच झाला," मी म्हणालो. "एकच."

"बरा," तो म्हणाला, आणि बायकोकडे वळून जरा मोठ्यानं म्हणाला, "आयकलंस? मास्तर म्हणतत, एकच झालो." आणि त्यानं मला हात जोडले.